चित्तविकृतीच्या परिचर्येचे शिक्षण : थॉर्न अभ्यासक्रमाची पूर्वपीठिका

क्लोरप्रोमाझीन हे औषध १९५४ च्या सुमारास ब्रिटिश मनोरुग्णालयांत आले आणि दीर्घकाळ तेथे राहिलेले रुग्ण घरी परतू लागले. त्यांतील कित्येकांचे दुखणे उलटे. याचे कारण शोधताना समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांना १९५८ मध्ये एक विलक्षण गोष्ट आढळली : आईवडिलांकडे वा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची प्रकृती अधिक टिकत असे. घरासारखे औषध नाही, ही समजूत येथे डळमळली.

१९७२ मध्ये ब्राउन, बर्ली व विंग यांनी छिन्नमनस्कतेच्या १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नातेवाइकांच्या बोलण्यातील टीका, वैरभाव व अतिगुंतवणूक यांच्या मोजणीवरून त्यांनी घरांचे दोन वर्ग पाडले. नऊ महिन्यांत पहिल्या वर्गात ५८ टक्के रुग्णांचे दुखणे उलटले. दुसऱ्यात १६ टक्के. 'दोष कुटुंबाचा' असा अर्थ यावरून पुष्कळांनी काढला, आणि तो अन्यायाचा होता. दिवसभर अंथरुणात पडून राहणाऱ्या मुलावर आई चिडते, ती त्याला आळशी समजून. हा रोगाचाच भाग आहे, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. ज्यूलियन लेफ यांच्या गटाने नेमके हेच हाती घेतले. औषध चालू ठेवून त्यांनी नातेवाइकांना रोगाची माहिती दिली, त्यांच्या बैठका भरवल्या, घरभेटी घेतल्या. १९८२ च्या त्यांच्या वृत्तांतात, ज्यांना हे साहाय्य नव्हते त्यांपैकी निम्म्यांचे दुखणे उलटले. साहाय्य मिळालेल्यांत अगदी थोड्यांचे. (चंडीगढ येथे विग प्रभृतींनी १९८७ मध्ये केलेल्या पाहणीत टीकाखोर घरांचे प्रमाण लंडनच्या मानाने कमी भरले, हे आपल्याकडील वाचकाने ध्यानी ठेवावे.)

हे सारे प्रयोग मात्र निष्णात संशोधकांनी केलेले. घरोघर जाणाऱ्या मनोरुग्ण-परिचारिकेस ही विद्या कोण शिकवणार? सर ज्यूल्स थॉर्न यांच्या न्यासाच्या साहाय्याने १९९२ मध्ये लंडनची मनोरोगचिकित्सा संस्था व मँचेस्टर विद्यापीठ येथे अभ्यासक्रम सुरू झाला. कर्करोग्यांसाठी काम करणाऱ्या मॅकमिलन परिचारिकांचा आदर्श त्यापुढे होता. रुग्णाच्या एकंदर सेवेची आखणी, कुटुंबासमवेत काम आणि भ्रम-भास यांवरील मानसोपचार ही त्याची तीन अंगे.

खरी अडचण पदविका मिळाल्यावर आली. कुटुंबोपचार शिकलेल्यांची पाहणी ग्रेन फॅडन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली, तीत बहुतेकांनी मोजक्याच कुटुंबांबरोबर काम केल्याचे दिसले. शिकलेली पद्धत त्यांना पटली होती. पण नेहमीच्या रुग्णांचा भार तसाच राहिला होता, आणि घरातील मंडळी एकत्र भेटत ती बहुधा कामाच्या वेळेनंतरच.