समुपदेशनाचे माहेर

मार्गदर्शन व समुपदेशनाची कुळकथा सहसा बॉस्टनपासून सांगितली जाते. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तेथे तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारी कचेरी काढली, तो विचार १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठात आणि १९४१ मध्ये मुंबईत पोहोचला, १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने शाळांतून त्याचा पुरस्कार केला व विषय बी.एड.च्या वर्गात स्थिरावला. ही वंशावळ खरी असली तरी ती शाळेतल्या मार्गदर्शनाची आहे. नागपुरात मदतीचाच पेशा पत्करणाऱ्यांच्या शिक्षणाचे एक मूळ शोधत गेल्यास वाट प्रसूतिगृहाच्या दारी येऊन थांबते.

अल्पवयात वैधव्य आलेल्या व परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या कमलाबाई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने १९२१ मध्ये मातृसेवा संघ स्थापला आणि याच संघाने १९५८ मध्ये समाजकार्य महाविद्यालय सुरू केले. प्रसूतिगृह चालवणाऱ्यांनी महाविद्यालय काढावे, हा योगायोग मानण्यासारखा नाही. बाळंतपण करणारीला नाडीइतकीच घरचीही माहिती काढावी लागते : आधीची मुले किती, सासू काय म्हणते, खाण्यापिण्याचे कोण पाहते, सव्वा महिन्यानंतर बाई कोणाच्या भरवशावर राहणार. समाजकार्याचा विद्यार्थी क्षेत्रकार्यात, म्हणजे अभ्यासाचा भाग असलेल्या प्रत्यक्ष कामात, गृहभेटीला जाऊन जे विचारतो व अहवालात उतरवतो, ते याहून फारसे निराळे नसते.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर तयार असते. एकेका व्यक्तीची अडचण तिच्या कुटुंबासह समजून घेण्याच्या या रीतीची, म्हणजे व्यक्तिसहाय्य कार्याची, शास्त्रशुद्ध मांडणी मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्येच केली होती आणि क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९३६ मध्ये मुंबईत टाटांच्या विश्वस्त निधीतून निघालेल्या समाजकार्य शाळेची धुरा वाहिली होती. तेव्हा नागपूरने मुंबईचाच कित्ता गिरवला, असे म्हणता येते. पुस्तकांपुरता हा आक्षेप मान्य करण्यास हरकत नाही. मात्र मुंबईत शाळेमागे विश्वस्त निधी उभा होता, तर नागपुरात सदतीस वर्षे बाळंतिणींची कामे केलेली संस्था. ज्या घरात विषय वाढतो त्या घराचे वळण त्याला लागतेच, आणि येथे ते खाटेशेजारी बसून ऐकून घेण्याचे असावे, असा तर्क धाडसाचा असला तरी निराधार नाही.

पार्सन्स यांची परंपरा माणसाचा कल मापते आणि कामाशी त्याची सांगड घालते. कल चाचणीच्या कागदावर सासूला रकानाच नसतो. उलट, संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय समाजकार्यकर्ते, कुटुंबनियोजनाचे समुपदेशक आणि स्तनपानाविषयी सल्ला देणारे हे सगळे एकाच वर्गात नोंदले गेले आहेत. व्यवसाय मार्गदर्शकाचे नाव मात्र त्या पंक्तीत नाही.