चौकोनी खिळे

२०१८ साली लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो. ती नेब्रास्का राज्यात, लिंकन शहरी राहते. जावईबापूंच्या एका सहकाऱ्याला मेटल डिटेक्टर घेऊन पडक्या वस्त्यांभोवती हिंडण्याचा नाद. "बाबा इतिहासाचे मास्तर होते," अशी लेकीने शिफारस केली आणि एका रविवारी मीही त्याच्याबरोबर बिआट्रिस गावाच्या बाजूला गेलो.

घर नव्हतंच. मक्याच्या शेताच्या कडेला विहिरीचे चार दगड, तळघराचा खळगा आणि लायलकची दाट झुडपं. तो म्हणाला, "लायलक रानात आपोआप येत नाही. ती दिसली की समजायचं, इथे कुणीतरी अंगण केलं होतं." आपल्याकडे पडक्या गावठाणात तुळशीवृंदावन उभं दिसतं, तसंच हे.

याच भागात होमस्टेड कायद्याचे पहिले दावे झाले. लिंकन यांनी २० मे १८६२ ला सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अमलात आला. १६० एकर जमीन, फी सगळी मिळून १८ डॉलर. अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करायचे. अविवाहित बायका आणि विधवांनाही दावा करता येई. आपला कूळकायदा वर्गात शिकवताना हे मला ठाऊक असतं तर मुलांना सांगायला मजा आली असती. अर्थात फरक मोठा. आपल्याकडे जो आधीच कसत होता त्याला जमीन मिळाली. तिथे, जे आधीपासून राहत होते त्यांना हलवून ती दुसऱ्यांना दिली. ब्लू नदीकाठचे ओटो-मिसुरिया लोक १८८१ मध्ये आजच्या ओक्लाहोमात गेले.

लाकूड दुर्मिळ, म्हणून पहिली घरं बहुधा मातीची. गवताच्या मुळांसकट जमिनीच्या लाद्या कापून भिंती रचायच्या. पाऊस आला की छत गळणार! सोलापूरकडच्या माळवदात वाढलेल्या माणसाला यात नवल ते काय वाटणार?

यंत्राचं तत्त्व सोपं. तबकडीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत वीजप्रवाह उमटतो, त्याचा प्रतिसाद कानात वाजतो. लोखंडाचा सूर खालचा, तांब्याचांदीचा वरचा. दिवसभर खालचाच सूर वाजत होता. निघाले ते खिळे. पण खिळे बोलतात! चौकोनी अंगाचे, पत्र्यातून कापलेले खिळे जुने. १८९०च्या सुमारास तारेचे गोल खिळे स्वस्त झाले आणि यांचं राज्य संपलं. इथे दोन्ही सापडले, म्हणजे घर आधी बांधलं आणि नंतर वाढवलं. मग बरणीचं जस्ताचं झाकण, घोड्याच्या सरंजामाचं बक्कल, एक अंगुस्तान आणि एक सेंटचं नाणं. त्यावर स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा, डोक्यावर मात्र पिसांचा मुकुट, मूळ रहिवाशांचा. १८५९ ते १९०९ अशी नाणी पाडली जात. ज्यांना हाकललं त्यांचा मुकुट खिशात घेऊन लोक बाजाराला जात. असो.

शेताच्या मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. परवानगी देताना त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. जे निघेल ते आधी त्यांना दाखवायचं. आणि सीडरच्या झाडाखाली यंत्र न्यायचं नाही, कारण तिथे त्यांच्या पणजीची दोन लेकरं पुरली आहेत. दगड नाही, नाव नाही. घरात एकमेकांना सांगत आलेले, एवढंच. नाणं त्यांनी परत दिलं. अंगुस्तान मात्र बोटात घालून पाहिलं आणि ठेवून घेतलं.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या दुष्काळात उजनीचं पाणी फार खाली गेलं. पळसदेवचं देऊळ उघडं पडलं, तसं आमचं गावठाणही. ऐंशी साली बुडालेल्या आमच्या घराचं जोतं मी चाळीस वर्षांनी पाहिलं. तिथे दोन पोरं असंच यंत्र फिरवत होती. गुप्तधनाच्या आशेने आली असावीत. १८७८ चा कायदा त्यांना सांगणार होतो, की दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. पण ती परसाकडे वळली, तसा तो विचार राहिला. परसातल्या चिंचेचं नुसतं खोड उरलं होतं. माझ्या आधीचं मूल आईने तिथे पुरलेलं. जमीन संपादनात गेलेली. अट घालणारा मी कोण? तरी म्हटलं, "पोरांनो, तेवढा कोपरा सोडा."

"का, आजोबा? तिथं काय हाय?"

सांगितलं. थोरल्याने कानावरचं यंत्र काढलं, धाकट्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि दोघं देवळाच्या बाजूला निघून गेले.