पालुपदाचा विनोद

अभंगाला धृपद असते, लितानीला लोकांनी द्यावयाचा ठरलेला प्रतिसाद असतो, त्याप्रमाणे विनोदालाही पालुपद असते. एकदा हसवून गेलेली गोष्ट पुन्हा, अनपेक्षित जागी, किंचित वेगळ्या रूपात परत येते आणि लोक पहिल्यापेक्षा अधिक हसतात. लिहिलेल्या नाटकात नाटककार अशी पालुपदे आधीच पेरून ठेवतो, त्यात नवल नाही. परंतु ज्या खेळाला संहिताच नाही, पुढचा प्रसंग कोणता हे नटांनाही ठाऊक नाही, तेथे पालुपद येते कोठून? आणि ते कोणाच्या जिवावर चालले आहे, हे पाहणारे कोण असते? यातला दुसरा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेतील एका थोर संताला चारशे वर्षांपूर्वी पडला होता. म्हणून दूरदर्शनच्या पडद्याकडे वळण्यापूर्वी आम्ही वाचकांना थोडे इटलीत नेणार आहोत.

२५ फेब्रुवारी १५४५ रोजी पादुआ शहरात आठ नटांनी एका लेखी करारावर सह्या केल्या. मिळकत सर्वांची, आजाऱ्याची सोय सर्वांनी करावयाची, अशा शर्तींची ही मंडळी. व्यावसायिक नटमंडळीचा हा पहिला ज्ञात करार मानला जातो. (त्याच वर्षाच्या अखेरीस ट्रेंटची धर्मपरिषद भरली, हा योगायोग आम्हांला नेहमी गंमतीचा वाटतो.) अशा मंडळ्यांतून पुढे ‘कोमेदिया देल्लार्ते’ हा नाट्यप्रकार फोफावला. कथानकाचा आराखडा एका कागदावर लिहून पडद्याआड टांगावयाचा आणि संवाद नटांनी ऐनवेळी रचावयाचे. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याची बतावणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना याची कल्पना सहज येईल. या आराखड्यात अधूनमधून एकच शब्द लिहिलेला असे : ‘लात्सी’. म्हणजे येथे नटाने आपले ठेवणीतले विनोद करावेत. भुकेल्या आर्लेकिनोने माशी पकडावी, तिचे पंख उपटावे आणि ती चवीने खावी, हा त्यांतला एक प्रसिद्ध नमुना. कथानकाशी त्याचा संबंध नसे. पण प्रेक्षक त्याची वाट पाहत. नाटक बदलले तरी माशी तीच.

आर्लेकिनोची भूमिका गाजविणारा त्रिस्तानो मार्तिनेल्ली हा या कलेचा मोठा उस्ताद. १६०१ च्या सुमारास त्याने फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याला एक छापील पुस्तक अर्पण केले. ते जगाच्या टोकापलीकडे छापले असल्याचे मुखपृष्ठावरच नमूद होते. त्यातील सत्तर पानांपैकी एकोणसाठ पाने कोरी होती आणि उरलेल्या मजकुराचा मथितार्थ एवढाच, की महाराजांनी आपणांस सोन्याची साखळी व पदक द्यावे. हा गृहस्थ आपल्या पत्रांतून राजेराण्यांना ‘कोंपारे’, ‘कोमारे’ म्हणून हाक मारी. आपल्याकडची जुनी माणसे बाप्तिस्म्याच्या नात्याने एकमेकांना कोंपार-कोमार म्हणत, त्याच कुळातला हा शब्द. पोटासाठी नाचणाऱ्या नटाने राजाला सोयरा म्हणावे, हेच त्याचे पालुपद! राजाने ते चालवून घेतले म्हणून तो विनोद ठरला. न घेतले असते तर बेअदबी ठरली असती.

आता संताची हकिकत. मिलानचे महागुरुस्वामी कार्डिनल चार्ल्स बोरोमिओ यांना नाटकमंडळ्या मुळीच रुचत नसत. १५७६ च्या प्लेगमध्ये शहर सोडून न जाता रोग्यांत वावरलेला हा कठोर वृत्तीचा धर्मपाल. १५८३ मध्ये आद्रियानो वालेरीनी यांची मंडळी मिलानला आली तेव्हा तंटा उपस्थित झाला आणि अखेर असे ठरले, की प्रयोगापूर्वी आराखडे तपासणीसाठी सादर करावेत. कार्डिनलांनी ते वाचून स्वतःच्या सहीनिशी मंजूर केले, असे निकोलो बार्बिएरी या नटाने १६३४ च्या आपल्या ग्रंथात मोठ्या अभिमानाने सांगितले आहे. नटांचा अभिमान आम्ही समजू शकतो. परंतु या प्रसंगातली खरी मेख निराळीच आहे. संताने सही केली ती आराखड्यावर. लात्सी कागदावर नव्हतीच. हशा जेथे पिकणार होता, ती जागा कोरी होती.

हीच अडचण पुढे इंग्लंडमध्ये सरकारला आली. तेथे १७३७ च्या कायद्यान्वये प्रत्येक नवे नाटक लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडून आधी मंजूर करून घ्यावे लागे. मंजूर संहितेबाहेर बोलणे हा गुन्हा. जोन लिट्लवुड या दिग्दर्शिकेच्या मंडळीने बांधकाम-मजुरांवरील एका नाटकात ऐनवेळचे संवाद घातले, म्हणून १९५८ मध्ये त्यांच्यावर खटला होऊन किरकोळ दंड झाला. त्याच सुमारास लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहात कीथ जॉनस्टन हे शिक्षक नटांना उत्स्फूर्त अभिनयाचे खेळ शिकवीत होते. हे लोकांपुढे करावयाचे तर ‘प्रयोग’ म्हणता येईना. मग त्यांनी त्याला वर्गाचे प्रात्यक्षिक म्हटले! १९६८ मध्ये हा परवाना कायद्याने रद्द झाला. जॉनस्टन पुढे कॅनडातील कॅल्गरीला गेले आणि १९७७ मध्ये त्यांनी ‘थिएटरस्पोर्ट्स’ सुरू केले : दोन संघ, परीक्षक, गुण, आणि कुस्तीच्या फडासारखा ओरडणारा प्रेक्षकवर्ग. अमेरिकेत शिकागोलाही व्हायोला स्पोलिन यांनी मुलांच्या खेळांतून अशीच पद्धती बसविली होती. त्यांचे पुत्र पॉल सिल्स यांनी इतरांसह १९५९ मध्ये ‘सेकंड सिटी’ ही संस्था काढली. तिचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

या दोन्ही धारा पडद्यावर एकत्र आल्या त्या ‘हूज लाइन इज इट एनीवे?’ या मालिकेत. डॅन पॅटरसन व मार्क लेव्हसन यांनी ती रचली. नावात ‘हूज लाइफ इज इट एनीवे?’ या नाटकाचे विडंबन आहे. मूळ नाटक, पक्षाघाताने खिळलेला शिल्पकार मरण्याचा हक्क मागतो, अशा विषयावरचे. इतक्या गंभीर नावातले एक अक्षर बदलून हास्याचा कार्यक्रम काढावा हे इंग्रजांनाच जमते. १९८८ मध्ये प्रथम बीबीसी रेडिओवर, त्याच वर्षी चॅनेल फोरवर, आणि १९९९ पर्यंत ती तेथे चालली. १९९८ पासून अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर. इंग्लंडमध्ये सूत्रधार क्लाइव्ह अँडरसन, पेशाने बॅरिस्टर. अमेरिकेत ड्र्यू कॅरी. सूत्रधार प्रसंग सुचवी, चार नट तो तत्क्षणी उभा करीत, घंटी वाजताच थांबत आणि सूत्रधार गुण देई. हे गुण मनाला येतील तसे दिले जात. येथे सर्व काही रचलेले आहे आणि गुणांना काडीची किंमत नाही, असे कॅरी प्रत्येक भागाच्या आरंभी सांगत व नंतर गुण कशासारखे निरुपयोगी आहेत, याच्या नवनव्या उपमा देत. हे झाले पहिले पालुपद.

बाकीची नटांच्या देहावरून व स्वभावावरून निघाली. कॉलिन मोक्री यांचे टक्कल व त्यांचे कॅनडियन असणे. साडेसहा फूट उंच रायन स्टाइल्स यांचे चित्रविचित्र बूट. अँडरसन यांची आखूड मान. कॅरी यांचा लठ्ठपणा आणि मेजामागे बसून पगार घेण्याचे भाग्य. ‘होडाउन’ नावाच्या ग्रामीण धाटणीच्या गाण्यात चौघांनी एकेक कडवे जागच्या जागी रचावयाचे असे. स्टाइल्स यांना त्याचा इतका तिटकारा, की तो तिटकाराच ते गाण्यात गाऊन दाखवीत. हे कोणी ठरविलेले नव्हते. एखाद्या वेळी शब्द सुचेना, हाताशी सहकाऱ्याचे डोके होते. त्यावर बोलला, लोक हसले. पुढच्या खेपेस लोक वाट पाहू लागले. एका संध्याकाळच्या चित्रीकरणातून एकाहून अधिक भाग काढले जात, त्यामुळे आठवण ठेवण्याचे काम नटांइतकेच प्रेक्षकांनाही करावे लागे. आम्हांला वाटते, पालुपदाचे अर्धे कर्तृत्व आठवण ठेवणाऱ्याकडे जाते.

मग टक्कल असलेल्या माणसाला वर्षानुवर्षे टकला म्हणणे, यात थोरवी ती कोणती? आपल्या शाळांतही हे चालते. चौथीत पडलेले टोपणनाव मॅट्रिकपर्यंत पाठ सोडत नाही, आणि त्या मुलाला कोणी विचारीत नाही. या प्रश्नाला उपयोगी पडेल असे विवेचन जॉनस्टन यांच्या १९७९ च्या ‘इम्प्रो’ या पुस्तकात आहे. रंगमंचावरचे कोणतेही दोघे सतत एकमेकांपेक्षा वर वा खाली होत असतात. खेळाची गंमत त्या झोपाळ्यात आहे, आणि खाली जाणे हेही नटाचे कौशल्य आहे, असे ते म्हणतात. मालिका पाहताना हे पटते. मोक्री टकलाचा टोमणा निमूट गिळतात, पण क्षणार्धात दुसऱ्याला अडचणीत टाकणारे वाक्य सोडतात. कॅरी यांच्या हाती घंटी असते. तरी त्यांच्या लठ्ठपणाची चेष्टा सर्वांत अधिक होते, आणि घंटी वाजवून ते स्वतःच हसत बसतात. जो टोमणा खातो त्याच्या हातात पुढचे वाक्य आहे. शाळकरी पोराच्या हातात ते नसते. आमच्या मते सारा फरक येथे आहे, आणि कागदावर सही करून तो तपासता येत नाही. कार्डिनल बोरोमिओ यांनी आराखड्याऐवजी प्रयोग पाहावयास माणूस धाडला असता, तर कदाचित त्यांना हवे ते कळले असते.

सगळीच पालुपदे या कसोटीला उतरतात असे आम्ही म्हणणार नाही. या मालिकेत ग्राम्यपणाही पुष्कळ आहे. मुलांसह पाहताना पालकांनी जपून पाहावी. काही विनोद तर केवळ सवयीने ओढले गेले, आणि ते कंटाळवाणे होतात.

एबीसीवरची मालिका २००४ मध्ये थांबली. मधुमेह जडलेल्या कॅरी यांनी २०१० मध्ये आहार आणि व्यायाम यांच्या बळावर सुमारे छत्तीस किलो वजन उतरविले. २०१३ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा सूत्रधाराच्या खुर्चीत आयशा टायलर होत्या. लठ्ठपणाचे पालुपद गेले. मोक्री मात्र परत आले होते, टक्कल तसेच होते, आणि नव्या सूत्रधार बाईंनाही त्याचा मोह आवरला नाही.