हरवलेल्याला शोधायला दरीत कोण उतरतं?

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तीनाथांची पालखी आषाढी वारीत आपल्या करकंबला मुक्कामी असते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पैठणची नाथमहाराजांची पालखीही इथूनच पुढं जाते. निवृत्तीनाथांची ती गोष्टही सगळ्यांनी ऐकलेली असेल. विठ्ठलपंत बायकोपोरांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते, रानात वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि थोरला निवृत्ती चुकला. वाट चुकून तो शिरला गहिनीनाथांच्या गुहेत. तिथं त्याला दीक्षा मिळाली, ती त्यानं पुढं ज्ञानदेवांना दिली. तेराव्या शतकातली ही कथा परंपरेनं चालत आलेली आहे, इतिहासाचा कागद म्हणून तिच्याकडं बघू नका.

पण एक गोष्ट माझ्या नेहमी मनात येते. कीर्तनात आपण गुहेच्या आत काय घडलं तेच ऐकतो. पोरगं सात दिवसांनी परत आलं असं सांगतात. ते सात दिवस विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई कुठं हिंडले असतील, कुणाला विचारत फिरले असतील, कुठल्या गुराख्यानं त्यांना वाट दाखवली असेल? शोधणाऱ्याची गोष्ट आपल्याकडं कुणी फारशी लिहून ठेवत नाही. आज त्यांच्याविषयीच लिहायचं आहे, कारण आपल्या भागातली पोरंही आता पावसाळ्यात गाड्या काढून सह्याद्रीत जायला लागलीत.

आपल्याला हरवणं माहीत आहे ते वारीतलं. आषाढीला पंढरपुरात कर्ण्यावर दिवसभर पुकारा चालू असतो, अमुक गावच्या अमुक बाई, तुमची माणसं इथं वाट बघत आहेत. माउलींच्या सोहळ्यात तर त्याची रीतच आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोहळ्याला जी शिस्त लावली, ती अजून चालते. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड वर करतो, हजारो माणसं एका क्षणात गप्प होतात आणि हरवलं-सापडलं पुकारलं जातं. प्रत्येक दिंडीला आपली माणसं ठाऊक असतात, कोण मागं राहिलं ते रात्रीच्या पंगतीत कळतंच. लाखाच्या गर्दीत चुकलेली म्हातारी बहुतेक वेळा सापडते ती यामुळं. भोवती माणसं असतात आणि कुणीतरी मोजणारा असतो. डोंगरात या दोन्ही गोष्टी नसतात.

आणि माणूस सापडलाच नाही तर घरच्यांचं काय होतं, याचं मराठी इतिहासातलं सगळ्यात मोठं उदाहरण पानिपतचं आहे. 14 जानेवारी 1761 ला सदाशिवरावभाऊ गर्दीत शिरले ते परत दिसले नाहीत. प्रेत मिळालं, ओळख पटली, अंत्यसंस्कार झाले असं सांगणारे होते, तरी पुण्यात अनेकांचा विश्वास बसला नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. पुढं एक जण ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. तो भाऊसाहेबांचा तोतया. त्याच्यामागं फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, शेवटी 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. एका न सापडलेल्या माणसानं पंधरा वर्षं राज्याला घोर लावला होता. पार्वतीबाई 1783 मध्ये गेल्या, तोवर त्या सुवासिनीच होत्या.

पेशव्यांच्या घरात जे झालं ते साध्या घरातही होतं, फक्त तिथं कागद आडवे येतात. 1872 च्या पुरावा कायद्यातलं कलम 108 सांगत होतं की सात वर्षं ज्याची काही खबरबात नाही, तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्यानं सिद्ध करावं. 2024 पासून नवा कायदा आला, त्यातही सात वर्षांची तरतूद तशीच आहे. सात वर्षं म्हणजे विमा अडकतो, सातबाऱ्यावर वारसनोंद अडकते, बायकोला काय म्हणायचं ते समाजाला कळत नाही. म्हणून दरीतून निदान देह वर आणणं हे फार मोठं काम आहे. ते करणाऱ्याला आपण ‘बचाव पथक’ एवढं म्हणून मोकळे होतो.

आता सह्याद्रीत माणूस हरवतो कसा ते बघा. आपलं रान सपाट. करकंबच्या शिवारात रात्री चुकलात तर लांबवर एखाद्या वस्तीचा दिवा दिसतोच. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला पायऱ्यांचा डोंगर. दोन पायऱ्यांच्या मधे सपाट पदर, त्यावर दाट झाडी आणि कारवी, आणि पदराच्या टोकाला सरळ कडा. झाडीत गुरांच्या पायानं पडलेल्या ढोरवाटा असतात. त्या मळलेल्या दिसतात, माणूस भरवशानं त्यावर चालतो आणि वाट मधेच संपते. मग त्याला वाटतं, पाणी खाली जातं तसं आपणही ओढ्याओढ्यानं खाली गेलो की गाव लागेल. हीच सगळ्यात मोठी फसगत. ओढा पायरीच्या टोकाला जातो आणि तिथून धबधबा होऊन पडतो. उन्हाळ्यात कोरडा असतो, म्हणून वरून कळतही नाही. घसाऱ्यावरून दहा फूट खाली घसरलेल्या माणसाला वर येता येत नाही, खाली जाता येत नाही.

मे 2022 मध्ये लोणावळ्याजवळ असंच झालं. परराज्यातून आलेला एक तरुण अभियंता नागफणीच्या बाजूला एकटाच फिरायला गेला. वाट चुकलो असा घरी फोन केला आणि मग फोन लागेना. पोलीस, लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, एनडीआरएफ, श्वानपथक, ड्रोन, सगळं लावलं. घरच्यांनी बक्षीस जाहीर केलं. चौथ्या दिवशी खोल दरीत मृतदेह सापडला. नागफणी म्हणजे काही घनदाट अरण्य नाही हो, खाली रेल्वे आणि एक्स्प्रेस वे दिसतो.

नवखाच हरवतो असंही नाही. जानेवारी 2020 मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत गेले. सावंत म्हणजे सह्याद्रीतलं मोठं नाव, सांधण दरी ट्रेकर्सना ओळखीची करून देणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतात. गट दोरानं कडा उतरायच्या तयारीत होता, मधेच सावंत दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा देह कड्याखाली सापडला. ज्या माणसानं कित्येकांना दोराला कसं लटकायचं ते शिकवलं, त्याला शोधायला त्याचेच सोबती उतरले.

त्याआधी नोव्हेंबर 2018 मध्ये याच कोकणकड्यावर कल्याणकडच्या ट्रेकर्सचा एक गट रात्रभर अडकून पडला होता. ते सगळे सुखरूप सुटले. सोडवायला कोण होतं? आसपासच्या गावांतली माणसं आणि डोंगरी संस्थांची पोरं. ज्या गावकऱ्यांना आपण दहा रुपये जास्त घेतले म्हणून चहाच्या टपरीवर टोकतो, तीच माणसं टॉर्च घेऊन रात्री कड्यापाशी जातात.

28 जुलै 2018 आठवतंय? दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. तीस माणसं गेली, एक वाचला, त्यानंच वर चढून येऊन खबर दिली. धुकं, पाऊस, घसरडा उतार. तिथून एकेक देह वर आणायला महाबळेश्वर आणि पोलादपूरकडचे ट्रेकर्स उतरले. हौशी माणसं ही. कुणाचं दुकान, कुणाचं हॉटेल, कुणी गाईड. फोन आला की धंदा सोडून निघायचं.

सरकारचं म्हणाल तर साहसी पर्यटनाचे नियम करायला कोर्टाचा रेटा लागला. जनहित याचिकेनंतर 2014 मध्ये एक शासन निर्णय निघाला, त्यावर वाद झाले, 2018 मध्ये सुधारून दुसरा, आणि 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण. त्यात ट्रेक नेणाऱ्यांनी काय करायचं ते पुष्कळ आहे. जो दरीत उतरून शोधतो त्याच्या विम्याचं, दोराचं, बुडालेल्या रोजाचं काय, हे माझ्या मते अजूनही उधारीवर चाललंय. शोधाचं काम एका धाग्यात ओवायचं काम डोंगरवाल्यांनीच केलं. 2016 च्या सुमारास महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उभं राहिलं. कुठल्या डोंगरात अपघात झाला, सगळ्यात जवळची टीम कोणती, कुणाकडं स्ट्रेचर आहे, हे फोनवरून जुळवायचं. आपल्या चोपदाराचंच काम म्हणा की!

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता, जेसीबी नेणार कसा? भर पावसात चिखलातून चढून पहिल्यांदा पोचणाऱ्यांत खोपोलीचे यशवंती हायकर्स होते. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा चढावरच हृदयविकारानं जीव गेला. चार दिवस हातानं, कुदळ-फावड्यानं उकरणं चाललं. 27 देह मिळाले. 57 जण बेपत्ता राहिले. मग उरलेल्या गावकऱ्यांशी बोलून शोध थांबवला गेला. ती 57 माणसं कुठं हरवायला गेली नव्हती, आपापल्या घरात झोपली होती.

आता शोधणारी माणसं काय सांगतात ते आपल्या पोरांसाठी लिहितो. बाजार आमटी ओरपून रात्री निघणाऱ्यांनी तर नक्की वाचा. शोध नेहमी ‘शेवटचं कुणी, कुठं, किती वाजता पाहिलं’ इथून सुरू होतो. म्हणून कुठला गड, कुठल्या वाटेनं चढणार, कुठल्या वाटेनं उतरणार आणि किती वाजेपर्यंत परत, हे घरी एका कागदावर लिहून ठेवा. ‘मित्रांबरोबर फिरायला’ एवढ्यावर डोंगरात कुणी शोधू शकत नाही. पायथ्याच्या गावात गाडी लावताना तिथल्या माणसाला नाव-गाव सांगा, जमलं तर त्यालाच वाटाड्या म्हणून घ्या, दोन पैसे त्याच्या घरात जातील. वाट चुकलीय असं वाटलं की पुढं जाऊ नका, ओढ्यानं खाली तर अजिबात उतरू नका. आलात त्या वाटेनं ओळखीच्या खुणेपर्यंत मागं फिरा, तेही जमत नसेल तर उघड्यावर एका जागी बसून राहा. 112 लावा. फोनची बॅटरी रील काढण्यात घालवू नका. गळ्यात शिट्टी असू द्या, ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही. आणि सुखरूप खाली आलात की ज्यांना सांगून गेला होता त्यांना ‘उतरलो’ म्हणून कळवा, नाहीतर तुम्ही घरी जेवून झोपलेले असता आणि कुणीतरी अंधारात तुमच्या नावानं हाका मारत डोंगर चढत असतो.