'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रूसेड' : पिता-पुत्राची शोधयात्रा

स्टीव्हन स्पीलबर्ग दिग्दर्शित 'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रूसेड' हा हॉलिवूडचा साहसपट मे १९८९मध्ये प्रदर्शित झाला. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) आणि अमरीश पुरी यांनी साकारलेल्या मोलारामसाठी आपल्याकडे लक्षात राहिलेला 'टेम्पल ऑफ डूम' (१९८४) यांच्यानंतरचा हा मालिकेतील तिसरा चित्रपट. प्राचीन अवशेष, दंतकथा आणि नाझी खलनायक ही सामग्री पहिल्या चित्रपटाचीच होती. नवे होते ते नायकाचे वडील.

कथासूत्र

चित्रपटाचा आरंभ १९१२मध्ये अमेरिकेतील युटा प्रांतात होतो. चोरांच्या हातून सुवर्णक्रूस सोडवून किशोरवयीन इंडियाना धावत घरी येतो. वहीत गढलेले वडील मात्र त्याचे काही ऐकून न घेता त्याला ग्रीकमध्ये वीसपर्यंत आकडे मोजायला लावतात. पडद्यावर त्यांचा चेहराही दिसत नाही. पुढचे सारे नाट्य या दुराव्यातून घडते.

१९३८मध्ये हेच वडील, मध्ययुगीन साहित्याचे अभ्यासक प्रा. हेन्री जोन्स, 'होली ग्रेल'चा शोध घेताना बेपत्ता होतात. येशू ख्रिस्ताने अखेरच्या भोजनाच्या वेळी वापरलेला हा पेला अमरत्व देतो, अशी दंतकथा आहे. हेन्रींनी आयुष्यभर केलेल्या टिपणांची वही हाती लागताच इंडियाना व्हेनिस गाठतो. तेथून ऑस्ट्रियातील गढी, बर्लिन आणि हाताय असा प्रवास घडतो. वाटेत झेपेलिन विमानात, सवड मिळताच, मुलगा वडिलांकडे बालपणीच्या अबोल्याची तक्रार करतो. 'मग बोल' असे वडील म्हणतात, तेव्हा मात्र त्याला एकही विषय सुचत नाही.

पेल्याजवळ पोहोचल्यावर खलनायक हेन्रींवर गोळी झाडतो. आता ग्रेल हे कुतूहल उरत नाही. वडिलांना वाचवण्याचा तो एकमेव उपाय ठरतो. ते वाचतात, पण भूकंपात दुभंगलेल्या जमिनीत पेला निसटतो. इंडियाना एका हाताने कपारीवर लोंबकळत दुसरा हात त्याच्याकडे नेतो. त्याला सदैव 'ज्युनिअर' म्हणणारे वडील प्रथमच 'इंडियाना' अशी हाक मारून तो नाद सोडायला सांगतात. ज्यासाठी त्यांनी मुलाचे बालपण दुर्लक्षिले, त्या ध्यासावर ते स्वतःच पाणी सोडतात. चित्रपटातील खरा खजिना तो हाच.

पडद्यामागे

ग्रेलची कल्पना निर्माते जॉर्ज लुकास यांची. स्पीलबर्ग यांना तिचे फारसे आकर्षण नव्हते. पिता-पुत्राच्या नात्याची जोड मिळाल्यावर ते राजी झाले. पटकथा जेफ्री बोम यांची असून, नाटककार टॉम स्टॉपर्ड यांनी श्रेयनामावलीत नाव न देता संवादांवर हात फिरवला. बाँडपट करण्याची स्पीलबर्ग यांची जुनी इच्छा होती. त्यामुळे रुपेरी पडद्यावरील पहिले जेम्स बाँड शॉन कॉनरी यांना पित्याची भूमिका मिळाली, हे औचित्यपूर्णच. प्रत्यक्षात ते हॅरिसन फोर्ड यांच्याहून जेमतेम १२ वर्षांनी मोठे होते. किशोरवयीन इंडियाना रिव्हर फिनिक्स यांनी रंगवला.

ग्रेलच्या मंदिराचा दर्शनी भाग म्हणून दिसते ती जॉर्डनमधील पेट्राची 'अल खझने' ही डोंगरात कोरलेली वास्तू. तिच्या आत प्रत्यक्षात साध्या रिकाम्या दालनांपलीकडे काही नाही; सापळ्यांनी भरलेला अंतर्भाग इंग्लंडमधील स्टुडिओत उभारला होता. रणगाड्याचा पाठलाग स्पेनच्या आल्मेरिया भागात चित्रित झाला.

यश आणि वारसा

चित्रपटाने जगभरात सुमारे ४७ कोटी डॉलरची कमाई केली आणि ध्वनिपरिणामांच्या संकलनासाठी ऑस्कर पटकावले. मालिकेचे आणखी दोन भाग २००८ आणि २०२३मध्ये आले. अभिनयातून निवृत्त झालेले कॉनरी २००८च्या भागात केवळ छायाचित्रातून दिसले. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले. पाठलाग आणि हाणामाऱ्या पुढेही आल्या, पण मुलाला त्याच्या आवडत्या नावाने हाक मारणारा हा बाप त्यांत पुन्हा भेटला नाही.