घाशीराम कोतवाल
घाशीराम सावळदास (मृत्यू : ३१ ऑगस्ट, इ.स. १७९१) हा पेशवेकाळातील पुणे शहराचा कोतवाल होता. नाना फडणवीसांच्या कारभारात इ.स. १७७७ मध्ये त्याची या पदावर नेमणूक झाली.

ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस त्याच्या शिपायांनी काही तेलंगी ब्राह्मणांना पकडून एका कोंदट कोठडीत डांबले. सकाळपर्यंत त्यांतील २१ जण गुदमरून मेले. मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडवल्यावर हा प्रकार उघडकीस आला. संतप्त ब्राह्मण नानांच्या वाड्यापुढे जमले. अखेर घाशीरामाची हत्तीवरून धिंड काढून त्याला जमावाच्या हवाली करण्यात आले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. कोतवालाचे क्रौर्य पुढे दंतकथा बनले. जमावाच्या क्रौर्याची मात्र शिक्षा म्हणूनच नोंद झाली. ज्यांनी त्याला चौदा वर्षे पदावर ठेवले, ते नाना आपल्या जागी कायम राहिले.

नेमक्या याच विसंगतीवर विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) हे नाटक उभे आहे. त्यातील घाशीरामाच्या मुलीचे कथानक काल्पनिक असून ते इतिहास म्हणून वाचू नये. मोरोबा कान्होबा यांनी त्याच नावाचे पुस्तक १८६३ मध्येच लिहिले होते.