मध्ययुगीन इटालियन ‘लाउदा’ आणि मराठी अभंग : भावगीतातील कथन व धर्मार्थ

प्रस्तावना

इ.स. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू धर्मविवादानंतर मारले गेले. त्यांपैकी तोलेन्तीनोचा तोमासो, पादुआचा जाकोमो व सिएनाचा पिएत्रो हे तिघे इटलीतील होते. त्यांच्या संघाने इटालियन काव्यात ‘लाउदा’ हा गीतप्रकार समृद्ध केला. लाउदाचा श्रेष्ठ कवी जाकोपोने दा तोदी (मृत्यू १३०६) व तोमासो हे दोघेही संघातील कठोर अपरिग्रहवादी पक्षाचे. दोघांनीही बंदिवास सोसला. हा दुवा लक्षात घेऊन लाउदा व समकालीन अभंग यांतील कथनाचा धर्मार्थाशी असलेला संबंध प्रस्तुत निबंधात तपासला आहे.

लाउदा : निवेदकाविना कथन

असिसीच्या फ्रान्सिसने १२२५ च्या सुमारास लॅटिनऐवजी उंब्रियाच्या बोलीत सृष्टिस्तोत्र रचले. १२६० मध्ये पेरुजियातून पसरलेल्या प्रायश्चित्त-चळवळीनंतर नगरोनगरीची भक्तमंडळे अशी गीते गाऊ लागली. लौकिक नृत्यगीताचा बंध त्यांनी स्वीकारला : ध्रुपद समूहाचे, कडवी एकाची. जाकोपोनेने ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाची कथा गीतात आणली, ती निवेदक वगळून. दूत, माता, जमाव आणि पुत्र यांच्या उद्गारांतूनच घटना पुढे सरकते. मृत्युदंड मागणारा जमावही श्रोत्यांच्याच बोलीत बोलतो. त्यामुळे श्रोत्याला तटस्थ राहता येत नाही. पापाचा सिद्धान्त न सांगताही त्याला आपला वाटा उमगतो.

अभंग : साक्षीदाराचे कथन

त्याच काळात नामदेवांची (१२७०–१३५०) अभंगवाणी घडत होती. कीर्तनातही ध्रुपद समूहाचेच. नामदेवगाथेतील ‘समाधी’ प्रकरणात ज्ञानेश्वरांच्या १२९६ मधील आळंदी येथील समाधीचे कथन आहे. ज्ञानदृष्टीने जेथे मृत्यूच नाही, तेथे निवृत्तिनाथादी भावंडे आणि प्रत्यक्ष विठ्ठलही व्याकूळ होतात. या प्रकरणांतील सर्व अभंग नामदेवांचेच काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि प्रत्येक अभंगाअखेरची नाममुद्रा कथनाला साक्षीचे रूप देते. लाउदा श्रोत्याला जमावात उभे करते, तर अभंग त्याला साक्षीदाराशेजारी बसवितो. एकीचा धर्मार्थ अपराधबोधातून, तर दुसऱ्याचा सहशोकातून प्रकटतो.

निष्कर्ष

दोहोंतील साम्य प्रभावजन्य मानण्यास आधार नाही. लोकभाषा व समूहगायन ही दोन्हीकडील समान भूमी होय. ठाण्यातील मृत्यूंची कथा मात्र वेगळ्या वाटेने गेली. पोर्देनोनेच्या ओदोरिकोने मृतांच्या अस्थी चीनमध्ये नेल्या आणि १३३० मध्ये पादुआ येथे आपला प्रवासवृत्तान्त सांगून लिहविला. मुख्यतः अशा लॅटिन गद्यातूनच ही घटना युरोपात पोहोचली. घटना करुण असली, म्हणजे तिचे गीत होतेच असे नाही. ती आपली मानून गाणारा समूह असावा लागतो. म्हणूनच भक्तिगीतातील कथनाचा अभ्यास करताना संहितेइतकेच तिच्या गायक-समूहाकडेही लक्ष देणे अगत्याचे ठरते.